चाकांवरचे घरमालक

आमचे घरमालक स्वतःच्या घरात राहत नसत. घर मेहकरात होतं, चांगलं चार खणांचं, सागाच्या तुळयांचं. त्यात राहायचो आम्ही भाडेकरू, आणि मागच्या एका खोलीत त्यांची बायको. ते स्वतः अंगणात, कडुनिंबाखाली, बंडीत. बंडी म्हणजे वऱ्हाडातली कापूस वाहायची बैलगाडी. तिच्यावर त्यांनी वेळूच्या कमानी बसवल्या होत्या, वर तंबूचं जाड कापड ताणलं होतं, आणि आत गादी, कंदील, आरसा, दोन टांगती फडताळं असा सगळा संसार लावला होता. मी पहिल्यांदा घर बघायला गेले तेव्हा मला वाटलं, कोणी पाहुणे आलेत आणि आता निघायच्या तयारीत आहेत. ती तयारी पुढं सात वर्षं मी रोज बघितली.

त्यांना सगळा गाव जमादार म्हणायचा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. हुकूम नागपूरहून सुटायचे, आणि थंडी पडली की जिल्ह्याचे साहेब तंबू घेऊन गावोगाव दौऱ्याला निघायचे. ते तंबू ठोकणाऱ्या खलाशांवरचे हे जमादार. तीस हिवाळे त्यांनी तेच काम केलं. जिल्ह्यातली एक आमराई अशी नसेल जिथं यांनी खुंटी मारली नाही. पेन्शन घेऊन घरी आले, तर छपराखाली झोप येईना.

"वर पाह्यलं का तुळई दिसते," ते मला सांगायचे. "इतकी जड वस्तू डोक्यावर टांगून माणूस झोपते कसा, मले तं समजतच नाई."

"अहो जमादार, चाळीस वर्षांत पडली नाही ती."

"थेच तं. आता तिचा नंबर जवळ आला असन."

घर आम्हाला देताना त्यांनी काय विचारावं? आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, शाळेतली नोकरी, पगार, कूळ सगळं सांगायला तयार होऊन बसले होते. जमादारांनी विचारलं, "झोपताना डोकं कोनीकडे करता?" मास्तर म्हणाले, पूर्वेला. "अन् वारं कोनीकडून येते?" ते आम्हाला दोघांनाही सांगता येईना. जमादारांनी आमच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "मंग तुमी घरातच राहा बापा." शिक्षा सुनावावी तशी त्यांनी आम्हाला घराची किल्ली दिली.

त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायची. काकूंचं तोंड म्हणजे उघडी तलवार. "माह्या बापानं घर पाहून मले देलं," त्या चुलीपुढं बसून म्हणायच्या. "वाड्यासारकं घर, मागं विहीर. अन् हा माणूस अंगणात जाऊन बसला. लोकं विचारतात, काऊन वं, भांडण झालं का? आता काय सांगू? भांडण झालं असतं तं मिटलं असतं."

तरी दर हिवाळ्यात, कपाशी फुटली की, काकू मुकाट्यानं बंडीत चढायच्या. तो जमादारांचा वार्षिक दौरा. तो जायचा खामगावाला. खामगाव म्हणजे आमच्या मुलखाचं शहर: कापसाचा मोठा बाजार, सरकी काढायचे जिन, गाठी बांधायचे प्रेस, रेल्वे. शेकडो बंड्या कापूस घेऊन यायच्या आणि आपली पाळी येईपर्यंत शहराबाहेरच्या पडावात राहायच्या. पडाव म्हणजे एक विहीर, चार झाडं आणि मोकळं रान. लोक तिथं नाइलाजानं राहायचे. जमादार हौसेनं राहायचे. कापूस नाही, नातं नाही, कोर्टात तारीख नाही, नुसतं राहायचं आणि महिन्यानं परत यायचं.

एकदा नाक्यावरच्या कारकुनानं त्यांना अडवलं. माल काय? माल नाही. मग शहरात कशाला? शहरात नाही, पडावात. काम काय? "राह्यणं," जमादार म्हणाले. कारकुनाला वाटलं अफू आहे. त्यानं बंडी रिकामी करायला लावली. जमादारांना तर हेच पाहिजे होतं. त्यांनी एकेक वस्तू काढून ती कशी बांधतात, कुठं टांगतात, ओली झाली तर काय करायचं, हे सगळं समजावून सांगायला सुरुवात केली. गाठींचे सात प्रकार करून दाखवले. तासाभरानं कारकूनच हात जोडून म्हणाला, जा बाबा. पुढच्या वर्षीपासून तो लांबूनच हात हलवायचा, थांबा म्हणायचा नाही.

मी या गोष्टी सांगून फार हसायची. माझं माहेर नगरकडचं, त्यामुळं वऱ्हाडातल्या माणसांना हसायचा मला आपला परवानाच आहे असं वाटायचं. मग माझ्यावरच त्या बंडीत चढायची वेळ आली.

मला दोन मुलं झाली होती आणि दोन्ही गेली होती. पहिलं जन्मतानाच, दुसरं तिसऱ्या दिवशी. दोन्ही बाळंतपणं माहेरी, अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातची. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा आई गेलेली होती, म्हणजे माहेर संपलेलंच होतं. खामगावातल्या बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि मास्तरांना साफ सांगितलं, "शेवटचा महिना हिला दवाखान्याजवळ ठेवा. दुखायला लागल्यावर मेहकराहून आणाल, तर आणू नका." आधीपासून आत ठेवायला तर खाटा नव्हत्या.

मास्तर खामगावात खोली शोधत फिरले. खोल्या होत्या. पण बाई तिथं बाळंत व्हायची शक्यता आहे म्हटलं की दारं लागायची. विटाळ नको, सोयर नको, आणि आधीची दोन गेलीत हे कळलं की तर बोलायलाच नको. धर्मशाळेत तीन दिवसांवर राहू देत नसत. मास्तर परत आले ते चेहरा पाडून. मी रात्रंदिवस एकच हिशेब करत होते, की हेही मूल गेलं तर मी जगायची नाही. तसं मी बोललेसुद्धा, अंगणात, काकूंपाशी. बंडीचा पडदा बाजूला झाला.

"खोली काहाले पाह्यजे?" जमादार म्हणाले. "आमचा दौरा हायेच ना."

मास्तरांना ते पटेना. शाळामास्तरची बायको पडावात राहणार, बैलांमध्ये? गाव काय म्हणेल? "गाव काय म्हणते ते गावाले म्हणू द्या," काकू म्हणाल्या, "तुमी पोरीले विचारा." मास्तरांनी मला विचारलं. मी म्हटलं, मी जाते.

मास्तर शाळेसाठी मागं राहिले, रविवारी यायचं ठरलं; आम्ही तिघं तिसऱ्या दिवशी पोचलो. बैल जमादारांनी इतके हळू हाकले की वाटेत पायी जाणाऱ्या म्हाताऱ्यांनी आम्हाला मागं टाकलं. वाटेत दोन मुक्काम झाले आणि मुक्काम उठवायची त्यांची रीत मी पहिल्यांदा बघितली. जमादारांचा कायदा असा की आपण राहून गेलो हे त्या जागेला कळता कामा नये. चुलीचे दगड उचलून लांब टाकायचे, राख पुरायची, बंडीभोवतीचा चर बुजवायचा, मग काकूंनी ती जागा शेणानं सारवायची. काकूंची रीत त्यावर आणखी. आपल्या चुलीनं मुंग्यांची वारुळं भाजली असतील म्हणून सारवलेल्या जागेवर मूठभर पीठ भुरभुरायचं, आणि भूमायनं आसरा दिला म्हणून एक पणती लावून ठेवायची. "साहेबाच्या कँपातही मी असंच करत होती," त्या म्हणाल्या. मला ते आवडलं. त्यात काही वावगं असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

खामगावाचा मेहकर रस्त्यावरचा पडाव. तिथं पाऊल टाकल्याबरोबर जमादार दहा वर्षांनी तरणे झाले. त्यांनी वारा बघितला, उतार बघितला, बंडी तीनदा फिरवून लावली. मग बाकीच्या गाड्यांकडे मोर्चा वळवला. रांग वाकडी आहे. बैल विहिरीच्या वरच्या अंगाला बांधलेत. शेण कुठंही पडलंय. कापसाच्या गाडीवाल्यांना हा कोण उपटसुंभ ते कळेना, पण आवाज सरकारी होता, त्यामुळं त्यांनी आधी बैल हलवले आणि मग विचारलं, "तुमी कोन?" तोवर पडाव सरळ झाला होता.

शेजारी साखरखेर्ड्याची एक बांगडीवाली होती, तिला सगळे आपा म्हणत. नवरा नव्हता, स्वतःच छकडा हाकायची, शहराच्या बाजारात बांगड्या विकायची. ती रोज सकाळी तोंडावर पदर घेऊन, हसू दाबून विचारायची, "जमादारसाब, देखो, मेरी गाडी टेढी तो नहीं?" आणि जमादार खरंच एक डोळा मिटून बघायचे आणि सांगायचे, "वीतभर. चालते आजच्या दिवस."

मला मात्र त्यांनी राणीसारखं ठेवलं. गादी माझी, बंडी माझी, काकू माझ्याजवळ. स्वतः बंडीखाली, चाकांच्या मधे झोपायचे. पाणी उकळूनच. चालायचं ते सकाळी विहिरीपर्यंत दोन फेऱ्या, आणि त्या फेऱ्या ते मोजायचे. मी कंटाळून एखादी चुकवली तर काकूंना ओरडून सांगायचे, "मास्तरीणबाईची एक फेरी बाकी हाय वं." सगळ्या पडावाला माझ्या फेऱ्या पाठ. डॉक्टरीणबाई एक दिवस टांग्यानं बघायला आल्या. पडावात गरोदर बाई ठेवलीय म्हणून रागावूनच आल्या होत्या. चर बघितला, उकळलेलं पाणी बघितलं, उन्हात वाळत घातलेली धुवट लुगडी बघितली. "इथं हुकूम कोणाचा चालतो?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "थो काय, चाकाखाली बसला."

मी आयुष्यात पहिल्यांदा उघड्यावर राहत होते. सकाळी जिनांचे भोंगे व्हायचे, धूर दिसायचा, गाड्या बाजाराकडे निघायच्या, आणि मला कुणी विचारत नव्हतं की तिसरं तरी जगेल ना. मेहकरात प्रत्येक बाई तेच विचारायची. पडावातल्या लोकांना ते माहीतच नव्हतं. त्या पंधरा दिवसांत मला बरं वाटलं, हे मी सरळ सांगते.

पण पंधराच दिवस. जमादारांचा दुसरा कायदा असा, की एका जागी पंधरा दिवसांवर मुक्काम नाही. "साहेब राहत नव्हता तं आपण कोन?" शहराच्या दुसऱ्या बाजूला, दवाखान्याच्या मागं, आणखी एक पडाव होता. सोळाव्या सकाळी तिकडं हलायचं त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. आपा म्हणाली, बाईचे दिवस भरत आलेत, आता कशाला हलवता? काकूंनी तर तोंडाचा पट्टाच सोडला. जमादार हटले नाहीत. मास्तर रविवारी येऊन गेले तेव्हा सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून त्यांना कार्ड मात्र टाकलं, की अमुक दिवशी जागा बदलतो, रविवारी याल तेव्हा दवाखान्यामागं या.

सोळाव्या सकाळी चूल मोडली, चर बुजवला, जागा सारवली. काकूंनी पीठ टाकलं, पणती लावली. बाजाराचा दिवस होता, आपा आणि गाडीवाले आधीच गेले होते. आम्ही निघालो. नव्या पडावात पोचून बंडीचं जू खाली टेकतं न टेकतं तोच माझ्या पोटात कळ आली. दवाखाना शंभर पावलांवर. काकू मला धरून चालवत होत्या आणि मागून जमादार म्हणत होते, "पाह्यलं? पाह्यलं? तथीच राह्यलो असतो तं?" काकूंनी त्या स्थितीतही मागं वळून त्यांना एक शिवी हासडली.

इकडं मेहकरात शाळेला अचानक दोन दिवस सुट्टी मिळाली. कार्ड पोचायच्या आत मास्तर मोटारीत बसले होते. मेहकर रस्त्यावरच्या पडावापाशीच ते दुपारी उतरले, हातात माझ्यासाठी डिंकाच्या लाडवांचा डबा. पडावात माणूस नाही. आमची जागा त्यांना माहीत होती, मागच्या रविवारी येऊन गेले होते. तिथं बंडी नव्हती. चूल नव्हती. नुकती सारवलेली ओलसर जमीन, तिच्यावर पीठ पसरलेलं, आणि पणती अजून जळत असलेली.

ज्या घरातून माणूस नेतात, त्या घरात जागा सारवून, पीठ पसरून, दिवा ठेवतात, हे लहान मुलालाही माहीत असतं. पुढचा जन्म कशाचा मिळाला त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात. आमचे मास्तर असल्या गोष्टींना हसणारे. वर्गात मुलांना समजावून सांगायचे की हे अज्ञान आहे. त्यांनी तो दिवा बघितला आणि तिथंच खाली बसले. उठून कुणाला विचारायला जायचं त्यांच्यात बळ राहिलं नाही. आधीच्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी दारात उभं राहून विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांना उत्तर मिळालं होतं.

मला मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत रडली, आणि काकूंनी बाहेर येऊन सांगितल्यावर जमादार गूळ घेऊन आपाला सांगायला म्हणून जुन्या पडावावर गेले. त्यांना सांगायची इतकी घाई होती की डोक्याला पागोटंही नव्हतं. तिथं त्यांना मास्तर दिसले. पुढचं मला जमादारांनीच सांगितलं. मास्तरांनी कधीच सांगितलं नाही.

मास्तर वाकून पिठाकडे बघत होते. बाजूला डबा. जमादारांनी हाक मारली तरी वर बघेनात.

"काय पाहून राह्यले मास्तर?"

मास्तरांनी बोट दाखवलं. पिठात मुंग्या लागल्या होत्या, काकूंनी त्यांच्यासाठीच तर ते टाकलं होतं, आणि त्यांच्या पावलांच्या बारीक रेघा सगळीकडे उमटल्या होत्या.

"मुंगी झाली असेल का हो ती?" मास्तर म्हणाले. "एवढीशी?"

जमादार सांगायचे की त्यांना आधी काही कळलंच नाही. मग एकदम सारवण दिसलं, दिवा दिसला, मास्तर दिसले. तीस वर्षं ते अशीच जागा सोडत आले होते आणि मागं वळून ती कशी दिसते हे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. "म्या दोन्ही हातानं तोंडात मारून घेतलं," ते सांगायचे, "अन् मास्तरचा दंड धरून ओरडलो, जित्ती हाय, बाई जित्ती हाय, पोरगी झाली, दोघी जित्त्या हायेत. तं मास्तर मलेच सांगून राह्यले, हळू बोला, मुंग्या भितील."

तिथून दोघं शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत आले. भर बाजारातून, एक बोडका म्हातारा पुढं आणि एक मास्तर मागं.

मी खाटेवर पडले होते. मुलगी कुशीत होती, काकू पायथ्याशी होत्या, नर्स काहीतरी लिहीत होती. मास्तर दारात आले. धुळीनं भरलेले, गुडघ्यांना शेण लागलेलं. मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं मुलगी झाली म्हणून नाराज झालेत की काय. त्यांनी मुलीकडं बघितलंच नाही. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि त्यांनी माझं नाव घेतलं.

त्या काळी नवरा बायकोचं नाव घेत नसे. अगं, ऐकलंस का, इकडं ये जरा, यावर आमचा नऊ वर्षांचा संसार झाला होता. माझं नाव त्यांना आठवत असेल का, अशीही मला कधी कधी शंका यायची. त्यांनी ते नर्ससमोर, काकूंसमोर, जमादारांसमोर घेतलं. मी "ओ" म्हटलं. त्यांनी पुन्हा घेतलं. मी पुन्हा "ओ" म्हटलं. असं पाच-सहा वेळा झालं. नर्सला वाटलं यांना वेड लागलंय. काकू तोंडाला पदर लावून रडत होत्या, आणि मी तर कशासाठी ते न कळताच रडत होते.

त्यानंतर मास्तर मला जन्मभर नावानंच हाक मारत आले. मेहकरात बायका हसायच्या, शाळेतले सहकारी टोमणे मारायचे, आमच्या सासूबाई एकदा आल्या तेव्हा दोन दिवस जेवल्या नाहीत. मास्तरांनी सोडलं नाही.

जमादारांवर मात्र मी फार रागावले होते. मुलगी वर्षाची होईपर्यंत मी त्यांना टोचून टोचून बोलायची: तुमच्या त्या सारवणापायी, तुमच्या त्या कायद्यांपायी माझ्या माणसाचं काळीज फाटायची वेळ आली होती. ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे. एकदाच, संध्याकाळी मास्तरांनी आतून मला नावानं हाक मारली, तेव्हा मुलीला बंडीच्या दांडीवर बसवून झुलवत ते म्हणाले, "मास्तरीणबाई, एक विचारू? जागा सारवली नसती, तं हे नाव त्यायनं कवा घेतलं असतं?"

मास्तर पुन्हा हाक मारत होते, आणि मला जायचं होतं.